आधी रेल्वेचं तिकीट, मग मैफलीचं

२२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बारा वाजता कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं बुकमायशोवर खुली झाली. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतच्या तिकिटांसाठी एक कोटीहून जास्त लोक तुटून पडले. मोबाइलच्या पडद्यावर आपल्या पुढे लाखो माणसं उभी असल्याचा आकडा नांदेड-लातूरच्या पोरापोरींनीही पाहिला. त्याच दिवशी तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, तोही हातोहात संपला. पुढचे काही दिवस तीच तिकिटं पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावात दिसत होती.

तेव्हापासून मोठ्या गायकाचं नाव दिसलं, की ‘आत्ता घेतलं नाही तर गेलं’ अशी धास्ती बसते. जाहिरातवाल्यांना ही धास्ती हवीच असते. कोल्डप्लेसारखी झुंबड मात्र मोजक्याच कार्यक्रमांना उडते. बाकीच्या महोत्सवांची तिकिटं जाहिरातीत कितीही ‘झपाट्याने संपत’ असली, तरी कार्यक्रमाच्या आठवड्यापर्यंत मिळत राहतात. कधी तर ज्यांनी आधी घेतलेली असतात, तेच ती कमी भावात काढायला बघतात.

खप मंद असला, की घाई आयोजकाला असते, गिऱ्हाइकाला नाही. बाजार उठायच्या वेळी मेथीच्या जुडीचं जे होतं, तेच न विकलेल्या तिकिटाचं होतं: कार्यक्रम सुरू झाला, की त्याची किंमत शून्य. मात्र मुंबई-पुण्याच्या माणसाला हा फायदा जितक्या सहज घेता येतो, तितक्या सहज आपल्याला येत नाही. तो संध्याकाळी पाच वाजता तिकीट घेऊन सातला मैदानावर पोचतो. आपल्याला आदल्या रात्री गाडीत बसावं लागतं. म्हणून मराठवाड्यातून जाणाऱ्यांचा हिशोब वेगळा मांडला पाहिजे.

खप मंद आहे, हे कसं ओळखायचं?

आयोजक तिकिटं टप्प्याटप्प्यानं विकतो. आधी ‘अर्ली बर्ड’, मग पहिला टप्पा, दुसरा, तिसरा. दर टप्प्याला भाव वाढतो. कार्यक्रम जोरात असेल, तर टप्पे भराभर उलटतात. महिना होऊन गेला तरी पहिलाच टप्पा चालू असेल, किंवा ‘आज रात्री बारापर्यंतच’ म्हणून जाहीर केलेली सवलत पुढच्या आठवड्यातही तशीच असेल, तर मागणी थंड आहे असं समजा.

आणखी काही खुणा आहेत. एकावर एक मोफत, चौघांच्या गटाला सूट, ठरावीक बँकेच्या कार्डावर सूट, कॉलेजच्या ओळखपत्रावर सूट अशा योजना एकामागून एक येऊ लागतात. सुरुवातीला दोन-तीन दिवसांचा एकत्र पास घ्यायची सक्ती असते आणि मग अचानक एका दिवसाची तिकिटं सुटी विकायला काढतात. इन्स्टाग्रामवर गायकापेक्षा तिकिटाच्या लिंकचीच जाहिरात जास्त दिसायला लागते. ओळखीतले दोघे-तिघे ‘कोड वापर, माझं कमिशन आहे’ म्हणून मागे लागतात. बैठकीच्या कार्यक्रमात तर उत्तर समोरच असतं. नकाशा उघडा आणि रिकाम्या खुर्च्या मोजा. चार दिवसांनी पुन्हा उघडा. तेवढ्याच रिकाम्या असतील, तर घाई करायचं कारण नाही.

‘सोल्ड आउट’ हा शब्दही पारखून घ्यावा. तो एका टप्प्याचा असू शकतो, एका विभागाचा असू शकतो. मंच उभा राहिल्यावर, कुठून काय दिसतं हे पक्कं झाल्यावर, राखून ठेवलेल्या जागांतल्या काही जागा आयोजक शेवटी मोकळ्या करतात. एवढी झुंबड उडालेल्या कोल्डप्लेच्या दौऱ्यातही कार्यक्रम तोंडावर आल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, आणखी थोडी तिकिटं अधिकृतपणे विक्रीला आली. त्याआधी ज्यांनी काळ्या बाजारात कितीतरी पट पैसे मोजले, त्यांना ती पाहून काय वाटलं असेल!

प्रवासाचा हिशोब आधी

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, मुंबईतल्या महोत्सवाचं एका दिवसाचं तिकीट चार हजार आहे. त्यावर कन्व्हिनियन्स फी आणि त्या फीवरचा जीएसटी. (संगीत कार्यक्रमाच्या तिकिटाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे, त्यापुढे १८ टक्के लागतो. दाखवलेल्या किमतीत तो धरलाय की नाही, हे पैसे भरायच्या पानावर पाहा.) आता जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं, मुंबईतली एक रात्र, टॅक्सी-लोकल आणि मैदानातलं खाणंपिणं मिळवा. तिकिटाइतकाच खर्च पुन्हा झाला. म्हणजे तिकीट हजार रुपयांनी स्वस्त मिळालं, पण थांबण्याच्या नादात रेल्वेचं आरक्षण हुकून ट्रॅव्हल्सचं सणासुदीचं भाडं भरावं लागलं, तर वाचवलेले हजार तिथंच गेले.

आता दोन तिकिटांच्या स्वभावातला फरक बघा. रेल्वेचं तिकीट वेळेत रद्द केलं, तर थोडी कपात होऊन बाकी पैसे परत मिळतात. महोत्सवाचं तिकीट एकदा घेतलं, की बहुतेक वेळा ‘परतावा नाही’. मग आधी काय घ्यावं? ज्याचे पैसे परत मिळतात ते. खप मंद दिसतोय अशा कार्यक्रमासाठी रेल्वेचं आरक्षण आधी करा आणि महोत्सवाचं तिकीट मागाहून. जमलंच नाही, तर रेल्वेची थोडी कपात सोसायची. चार हजारांचं तिकीट गळ्यात पडण्यापेक्षा ती परवडते.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. कार्यक्रमाच्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजा आणि तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. नांदेडहून मुंबईला देवगिरी, नंदीग्राम, तपोवन आहेत. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही नांदेडपर्यंत आली. ती पहाटे निघून दुपारी मुंबईत पोचवते, म्हणजे संध्याकाळचा कार्यक्रम त्याच दिवशी गाठता येतो. लातूरकरांना रात्रीची लातूर–मुंबई सोयीची. पुण्याचा कार्यक्रम असेल, तर नांदेड–पनवेल एक्स्प्रेस लातूरवरूनच पुण्याला जाते.

खरी अडचण परतीची आहे. खुल्या मैदानातले कार्यक्रम ध्वनिप्रदूषणाच्या नियमामुळे साधारण रात्री दहाला आटपतात. मुंबईहून आपल्याकडं येणाऱ्या रात्रीच्या गाड्या, देवगिरी काय किंवा लातूर एक्स्प्रेस काय, नऊच्या आसपासच सुटतात. त्या मिळणार नाहीत हे धरूनच चाला. मग मुक्काम करायचा, की उशिरा सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सनं यायचं, हे तिकिटाच्या आधी ठरवा. मुलीबाळी, वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर मुक्कामाची जागा मैदानाजवळ बघा. रात्री दहाला वीस-तीस हजार लोक एकदम रस्त्यावर येतात, तेव्हा रिक्षा मिळत नाही आणि मिळाली तर भाडं तोंडाला येईल ते सांगतात.

आणखी एक गोष्ट नांदेडकरांनी विसरू नये: हैदराबाद आपल्याला मुंबईच्या निम्म्या अंतरावर आहे. हल्ली मोठे दौरे दोन्हीकडं जातात. दिलजीत दोसांझ २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला हैदराबादेत आणि २४ नोव्हेंबरला पुण्यात गायला. एड शीरन ३० जानेवारी २०२५ ला पुण्यात होता, तर २ फेब्रुवारीला हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत. पुण्याचा दिवस गुरुवार, हैदराबादचा रविवार. म्हणून एकाच शहराची लिंक धरून बसू नका. दोन्ही शहरांचे टप्पे, भाव आणि वार शेजारी लिहा. आडवारी येणारा कार्यक्रम रविवारच्या मानानं हळू विकला जाण्याची शक्यता जास्त. ज्यांना सुट्टी मिळू शकते, त्यांना तो सोयीचा पडतो.

किती थांबायचं?

एकटे किंवा दोघेच जाणार असाल आणि उभ्यानं ऐकायचं साधं तिकीट हवं असेल, तर कार्यक्रमाच्या आठवड्यापर्यंत थांबायला हरकत नाही. सुटी तिकिटं शेवटपर्यंत निघत राहतात: कुणाची परीक्षा येते, कुणाचा मित्र ऐनवेळी कच खातो. चौघा-पाचांना एकत्र बसायचं असेल तर इतकं थांबू नका. सलग खुर्च्या आधी जातात. तुमच्या आवडत्या गायकाचा हा एकमेव कार्यक्रम असेल आणि चुकला तर हळहळ लागणार असेल, तर सरळ पहिल्या टप्प्यात घ्या. स्वस्त मिळवण्यापेक्षा निवांत झोप महत्त्वाची.

थांबायची हद्दही आधीच ठरवा. रेल्वेच्या रद्द करण्याच्या नियमात जिथून कपात मोठी होऊ लागते, तो दिवस आपली शेवटची तारीख. तोवर मनासारखा भाव मिळाला तर घ्यायचं, नाहीतर अधिकृत ठिकाणी चालू असलेल्या भावानं घ्यायचं किंवा बेत रद्द करायचा. गाडीत बसल्यावर तिकीट शोधायला लागणारा माणूस विकणाऱ्याच्या हातात सापडतो. मनमाड गेल्यावर तुम्ही मागे फिरणार नाही, हे त्यालाही कळतं.

शास्त्रीय संगीताच्या रसिकांना हा ताण कमी असतो. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. डिसेंबरातल्या त्या दिवसांसाठी पूर्ण महोत्सवाची तिकिटं असतात, तशी एकेका दिवसाचीही. लातूरहून जाणाऱ्यानं कलाकारांची दिवसवार यादी लागेपर्यंत थांबावं आणि आपल्याला हवा तो एकच दिवस घ्यावा. भारतीय बैठकीचं तिकीट खुर्चीच्या मानानं पुष्कळ स्वस्त पडतं. गुडघे साथ देत असतील, तर तेच घ्यावं.

दुसऱ्याकडून घेताना

दुसऱ्याकडून तिकीट घेणं मुळात वाईट नाही. खप मंद असलेल्या महोत्सवात विकणारा बहुधा तुमच्याआमच्यासारखाच असतो: हौसेनं आधी घेतलं, आता जमत नाही, निम्मे तरी पैसे सुटावेत अशी त्याची इच्छा. पण त्याच गर्दीत ठकही मिसळलेले असतात. दोघांना वेगळं करायला पुढच्या गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, अधिकृत बदलीची सोय. काही ॲपवर विकत घेतलेलं तिकीट तिथंच पुन्हा विकता येतं. झोमॅटोनं सप्टेंबर २०२४ मध्ये अशी सोय जाहीर केली आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला मुंबईत झालेल्या दुआ लिपाच्या कार्यक्रमापासून ती वापरात आणली. तिथं विकणाऱ्याचं तिकीट रद्द होतं आणि घेणाऱ्याच्या नावानं नवं निघतं. अशी सोय असेल, तर दुसरीकडं पाहूच नका. विकणारा ‘ॲपवरून नको, थेट देतो, तुझी फी वाचेल’ म्हणाला, तर तो व्यवहार सोडून द्या. ती फी म्हणजे तुमचा विमा आहे.

दुसरी गोष्ट, तिकीट कोणत्या रूपात आहे. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे. तोच स्क्रीनशॉट दहा जणांना पाठवता येतो. दारावर पहिला पोचेल तो आत जातो, बाकीचे नऊ बाहेर. काही महोत्सव मनगटाला बांधायचा बँड किंवा छापील तिकीट कुरिअरनं पाठवतात. ते मूळ गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर जातं, तुमच्या नाही. बँड त्याच्या हातात आलाय का, तो न वापरलेला आणि न कापलेला आहे का, हे बघितल्याशिवाय पैशाचं बोलू नका.

तिसरी गोष्ट, नाव आणि ओळखपत्र. तिकिटाच्या अटी पूर्ण वाचा. बऱ्याच अटींमध्ये ‘हस्तांतर करता येणार नाही’ असं लिहिलेलं असतं आणि पुनर्विक्री आढळली तर तिकीट रद्द करण्याचा हक्क आयोजक राखून ठेवतो. दारावर मूळ खरेदीदाराचं ओळखपत्र मागतात का, वयाची अट काय, हे आयोजकाच्या पानावर पाहा. ओळखपत्र लागणार असेल, तर अनोळखी माणसाचं तिकीट फुकटातही नको.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कार्यक्रम रद्द झाला, तर पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जातात. म्हणजे तुमच्या खिशातले पैसे परत मिळतात त्या विकणाऱ्याला! तो तुम्हाला देईल का, हे त्याच्या सज्जनपणावर. खप मंद असलेल्या कार्यक्रमात रद्द होण्याचा किंवा पुढं ढकलण्याचा धोका जास्त असतो, म्हणून ही बाब इथं फार महत्त्वाची. ओळखीच्याकडून घेत असाल तरी व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून घ्या: ‘कार्यक्रम रद्द झाला आणि पैसे माझ्या खात्यात परत आले, तर मी ते तुला देईन.’ भिडेपोटी हे टाळू नका. मैत्री टिकते ती अशा स्पष्टपणानंच.

विकणाऱ्याशी बोलताना काय विचारावं, याचा एक नमुना:

— दादा, तिकीट कुठल्या ॲपवरून घेतलं? बुकिंगचा मेल दाखवता का? क्रमांक झाकला तरी चालेल.

— कोणता दिवस, कोणता विभाग, कितव्या टप्प्यातलं?

— ॲपमधून माझ्या नंबरवर ट्रान्स्फर होतं का?

— व्हिडिओ कॉलवर ॲप उघडून दाखवाल का?

— निम्मे पैसे ट्रान्स्फरनंतर, निम्मे गेटमधून आत गेल्यावर, असं चालेल का?

खरा माणूस यातल्या एखाद्या प्रश्नावर कुरकुर करेल, पण उत्तर देईल. ठक घाई करतो: ‘अजून तिघं लाइनीत आहेत, पाच मिनिटांत टोकन टाका.’ मंद खपाच्या कार्यक्रमात तिघं लाइनीत कुठून येणार? अधिकृत ॲपवर तिकीट उरलेलं असताना कुणी ‘शेवटचं’ म्हणत असेल, तर त्याचा हेतू तिथंच कळला.

स्वस्ताईचं आमिष

काळ्या बाजारात जादा पैसे गेले, की निदान आपण जादा दिले हे माहीत असतं. स्वस्तात फसलेल्याला तेही कळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बोरिवलीत फाल्गुनी पाठक यांच्या गरब्याच्या वेळी हेच झालं. साडेचार हजारांचे पास तेहतीसशेला मिळवून देतो म्हणून दीडशेहून जास्त तरुणांकडून एकानं पैसे गोळा केले. पैसे गेले, पास मिळालेच नाहीत, फोन बंद. त्याच नवरात्रात मुंबई पोलिसांनी हुबेहूब नकली पास छापणारी टोळीही पकडली.

यातली युक्ती ओळखा. भाव अगदी फुकट सांगितला असता, तर संशय आला असता. हजार-बाराशेची सूट मात्र पटण्याजोगी वाटते. आणि पैसे एकानं गोळा करायचे, बाकीच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा, ही तर आपल्या वसतिगृहांतली, क्लासच्या बॅचमधली रोजची पद्धत. लातूरमध्ये चारशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ‘पुण्याच्या शोचे पास आहेत, ज्याला पाहिजे त्यानं टाका’ असं लिहिलं, तर ग्रुप ओळखीचा असला तरी माणूस ओळखीचा असेलच असं नाही.

पैसे देताना दोन नियम कायमचे लक्षात ठेवा. यूपीआय पिन टाकायचा तो पैसे देण्यासाठी. घेण्यासाठी कधीच लागत नाही. ‘परतावा पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं सांगणारा तुमचेच पैसे पुन्हा काढतोय. दुसरं, बँक खात्याचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव जुळत नसेल, तर थांबा. ‘माझ्या भावाचं खातं आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

अधिकृत ठिकाणी घेताना शक्यतो क्रेडिट कार्ड वापरा. सेवा मिळालीच नाही, तर बँकेकडं त्या व्यवहारावर हरकत घेण्याची वाट तिथं उघडी असते. आपण स्वतः पिन टाकून दिलेल्या पैशाला मात्र बँक स्वतःला जबाबदार धरत नाही. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरता आहे.

कायदा काय म्हणतो?

रेल्वेचं तिकीट दलालीसाठी विकणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ प्रमाणे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संगीताच्या तिकिटांना असा वेगळा केंद्रीय कायदा नाही. कोल्डप्लेच्या तिकिटांच्या काळ्या बाजारानंतर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळताना न्यायालयानं म्हटलं, की याबाबत नियम करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयानं कोल्डप्ले आणि दिलजीतच्या तिकिटांच्या प्रकरणी पाच शहरांत छापे घातले होते. म्हणजे नकली तिकिटं, फसवणूक, पैशाची अफरातफर यांवर कारवाई होते; पण खरं तिकीट कुणी जास्त भावानं विकलं, एवढ्यावरून तुमचे पैसे परत मिळवून देणारी सोपी वाट नाही.

इतर देश यात पुढं गेलेत. जपाननं २०१९ मध्ये, आयर्लंडनं २०२१ मध्ये छापील किमतीपेक्षा जास्त भावानं तिकीट विकायला बंदी घातली. ब्रिटनच्या सरकारनंही नोव्हेंबर २०२५ मध्ये तसा कायदा करायचं जाहीर केलं. आपल्याकडं तो येईल तेव्हा येईल. तोवर सावधपणा हाच आधार.

फसवणूक झालीच, तर लाज बाळगू नका आणि वेळ घालवू नका. लगेच १९३० ला फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता आले तर आले. इथं तासांना किंमत आहे. मग व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, चॅट, फोन नंबर घेऊन आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडं जा. चॅट पुसू नका, समोरच्याला शिव्या घालून ब्लॉकही करू नका. तो पुरावा आहे.

अधिकृत कंपनीनं पैसे अडकवले असतील, तर वाट वेगळी. आधी कंपनीला लेखी मेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असो की बंगळुरूची, प्रकरण नांदेडला किंवा लातूरला चालू शकतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. पण ही सोय सेवा विकणाऱ्या कंपनीविरुद्ध आहे. एखाद्या विद्यार्थ्यानं आपलं एक उरलेलं तिकीट तुम्हाला दिलं आणि घोळ झाला, तर तिथं ग्राहक कायदा फारसा उपयोगी पडत नाही. अधिकृत ठिकाणी दोनशे रुपये जास्त गेले तरी ते का मोजावेत, याचं उत्तर यातच आहे.

कार्यक्रम आपल्याच गावात असेल तेव्हा

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात किंवा लातूरच्या दयानंद सभागृहात तिकीट लावून कार्यक्रम होतो, तेव्हा वेगळीच गंमत असते. निम्मं गाव तिकीट घेण्याऐवजी पास शोधत फिरतं. ‘कुणाची ओळख आहे का’ हा पहिला प्रश्न. या सवयीमुळंही खप मंद दिसतो आणि शेवटच्या दिवशी खिडकीवर एकदम रेटारेटी होते.

अशा कार्यक्रमाला तिकीट खिडकीवरूनच घ्या. नकाशावर खुर्ची निवडा आणि पावती मागा. नव्या, अनोळखी आयोजकाचा खुल्या मैदानातला मोठा ‘लाइव्ह शो’ असेल, तर पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. कलाकाराच्या स्वतःच्या अधिकृत पानावर ही तारीख आणि हे गाव आहे का? मैदानवाल्याला फोन केला, तर तो ‘हो, बुकिंग आहे’ म्हणतो का? तिकिटावर आयोजकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि परताव्याची अट छापलीय का? तिन्हींपैकी एकही गोष्ट कमी असेल, तर कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत थांबा. माळेगावच्या यात्रेत तमाशाच्या तंबूबाहेर आपली माणसं हेच करत आलीत. फड उतरलाय, कलावंत आलेत, ढोलकी वाजतेय, हे बघायचं आणि मग खिडकीत पैसे द्यायचे.

विकायची पाळी आपल्यावर आली तर

तिकीट घेतलं, पण जाता येत नाही, असं कुणाचंही होतं. खप मंद आहे हे लक्षात आलं, की भाव लवकर पाडा. आयोजक पुढच्या आठवड्यात एकावर एक मोफत देणार असेल, तर तुमच्या तिकिटाला कुणी विचारणार नाही. ज्या भावाला अधिकृत तिकीट आज मिळतंय, त्यापेक्षा थोडं कमी सांगा. तुम्ही घेतलं तेव्हाचा भाव विसरा. तो पैसा गेला. आधी ॲपवरची अधिकृत सोय, मग ओळखीतले, आणि अगदी शेवटी अनोळखी.

सोशल मीडियावर तिकिटाचा फोटो टाकताना क्यूआर कोड आणि बुकिंग क्रमांक झाकायला विसरू नका. पूर्ण फोटो टाकला, तर कुणीतरी तोच वापरून आत जाईल आणि तुम्ही प्रामाणिकपणे विकूनही ठक ठराल. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मानू नका. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा झालेली दिसली, की मगच तिकीट पाठवा.

क्रम असा ठेवा

कार्यक्रम जाहीर झाला, की तारीख, वार आणि जवळचं दुसरं शहर पाहा. साठ दिवस आधी रेल्वेचं आरक्षण करा, परतीसकट. मुक्काम ठरवा, रद्द करता येईल असाच. त्यानंतर दर आठवड्याला एकदा टप्पे आणि रिकाम्या जागा बघा. रेल्वेच्या रद्द करण्याच्या हद्दीपर्यंत थांबा. तोवर अधिकृत सवलत आली तर ती, अधिकृत पुनर्विक्री मिळाली तर ती, आणि ओळखीचा माणूस ट्रान्स्फर करून देत असेल तर तेही चालेल. यातलं काहीच जमलं नाही आणि चालू भाव खिशाला झेपत असेल, तर तो देऊन मोकळे व्हा. झेपत नसेल, तर रेल्वे रद्द करा. महोत्सव दरवर्षी येतात. उधार काढून, अनोळखी खात्यात पैसे टाकून जावं असा त्यांतला एकही नसतो.